शब्दशंका : 'सेट'ची बैठक

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक योगायोग आढळला. विद्यार्थी, शिक्षक, अनुवादक, बागायतदार अशा निरनिराळ्या वाचकांनी निरनिराळ्या निमित्तांनी विचारलेले बरेच प्रश्न 'सेट' या एकाच इंग्रजी शब्दापाशी येऊन थांबत होते. म्हणून या वेळचे सदर त्या एका शब्दालाच दिले आहे. बाकीच्या पत्रांचा विचार पुढील अंकात केला जाईल.

प्रश्न : इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द 'सेट' असून त्याचे ४३० अर्थ आहेत, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचले. हे खरे आहे का? आणि एका शब्दाचे इतके अर्थ माणसाच्या लक्षात तरी कसे राहतात?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : आकडा हवेतला नाही, पण जुना झाला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेले आहेत आणि या शब्दाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एखाद्या कादंबरीएवढी, भरते. त्या आवृत्तीतली ती सर्वांत लांब नोंद होती. त्यानंतर त्याच कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ निघाले आणि पहिला मान 'रन'कडे गेला. सामान्यज्ञानाची पुस्तके बहुधा एकमेकांवरून उतरवलेली असल्यामुळे ही दुसरी बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही.

तरीही अर्थ मोजणे म्हणजे आंबे मोजणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. सापळा 'सेट' करणे आणि गजर 'सेट' करणे हा एक अर्थ की दोन, हे कोशकाराला ठरवावे लागते आणि दोन कोशकारांचे उत्तर सारखे येईलच असे नाही. शिवाय ऑक्सफर्डचा हा कोश ऐतिहासिक पद्धतीचा असल्यामुळे आज कोणीही वापरत नाही असे जुने अर्थही त्यात राखलेले असतात, आणि 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट इन' यांसारख्या जोडक्रियापदांचे अर्थही त्याच नोंदीत येतात. रोजच्या व्यवहारात इंग्रज माणूस यातला लहानसा भागच वापरतो.

लक्षात राहण्याविषयी म्हणाल, तर आपणही तेच करत असतो, फक्त आपल्याला त्याची जाणीव नसते. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नंबर लागतो, वेड लागते, प्रवासाला दोन तास लागतात आणि शेजारची बाई नात्याने मावशीही लागते. यातल्या कोणत्याही वाक्याशी मराठी माणूस अडखळत नाही. जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, असा संबंध अमेरिकी अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ च्या सुमारास आकडेवारीने दाखवला होता. शब्द आखूड, साधा आणि सतत जिभेवर असला, की त्याच्यावर नवनवी कामे टाकली जातात. 'सेट' आणि 'लागणे' हे दोन्ही त्याच जातीचे शब्द आहेत.

प्रश्न : मी निवृत्त इंग्रजी शिक्षक आहे. 'सेट'चे अर्थ मुलांकडून पाठ करून घेण्यात माझी उमेद गेली. या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एखादे सूत्र आहे का, की ती नुसती भरताड आहे? 'सिट' आणि 'सेट' या दोहोंचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग हेच पहिल्या भागाचे उत्तर आहे. 'सेट' हे 'सिट'चे प्रयोजक रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे आणि 'सेत्तान' म्हणजे बसायला लावणे, बसवणे. प्रयोजक करताना धातूतला स्वर बदलण्याची ही पद्धत त्या भाषाकुळात फार जुनी आहे. 'लाय' म्हणजे आडवे होणे, तर 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. 'फॉल' म्हणजे पडणे, तर झाड 'फेल' करणे म्हणजे पाडणे. 'ड्रिंक' म्हणजे पिणे, तर 'ड्रेंच'चा मूळ अर्थ पाजणे, आणि तोच पुढे चिंब भिजवण्यापर्यंत गेला. पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्या ज्याला घरातूनच मिळाल्या आहेत, त्या मराठी मुलाला हे तत्त्व समजावून सांगायला दोन मिनिटेसुद्धा लागू नयेत.

तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी 'सेट' म्हणजे 'बसवणे' असे सांगावे आणि मग एकेक वापर त्या कसोटीला लावून पाहावा. सोनार अंगठीत खडा बसवतो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत 'सेट' आणि मराठीत 'बसवणे' असे बरोबर समोरासमोर येतात. सुरुवातीची षटके खेळून काढलेल्या फलंदाजाला इंग्रजी समालोचक 'सेट' म्हणतो आणि मराठी समालोचक त्याचा 'जम बसला' म्हणतो. एखादी समजूत मनात पक्की बसली, की इंग्रजीत तिला 'माइंडसेट' म्हणतात. या सगळ्यात समान धागा असा, की वस्तू नुसती ठेवलेली नाही. ती तिच्या नेमक्या जागी किंवा नेमक्या स्थितीत, तिथेच राहावी अशा बेताने ठेवलेली आहे.

सगळेच वापर 'बसवणे'ने उलगडत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. गजर, सापळा, आग, गाण्याची चाल यांना मराठीत 'लावणे' हे क्रियापद पाहिजे. दिवस, किंमत, मर्यादा आणि ध्येय यांना 'ठरवणे' पाहिजे. उदाहरण घालून द्यावे लागते आणि प्रश्नपत्रिका काढावी लागते. तरी बसवणे, लावणे आणि ठरवणे ही तीन क्रियापदे हाताशी असली, की शालेय पुस्तकांत येणारे बहुतेक वापर निभावतात.

सूर्य 'सेट' होतो तो का, असे हुशार मुले हमखास विचारतात, कारण तिथे कोणी कोणाला बसवत नाही. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेत्लगांग' असा एक शब्द होता. 'सेत्ल' म्हणजे आसन आणि 'गांग' म्हणजे जाणे. दिवसभर चालून सूर्य आपल्या आसनाकडे निघाला, अशी ती कल्पना आहे. पुढे 'सेट' हे क्रियापद त्या जागी आले आणि 'सिट'च्या अर्थाची थोडी सरमिसळ त्यात झाली. त्याच 'सेत्ल'पासून पुढे 'सेटल' होणे आले, म्हणजे वस्ती करणे, स्थिरस्थावर होणे, आणि गढूळ पाण्यातला गाळ खाली बसणेही.

या कुळाची एक शाखा आपल्या घरातही आहे. संस्कृतातला 'सद्' हा बसण्याचा धातू आणि इंग्रजीतले 'सिट' हे एकाच प्राचीन मूळ धातूचे वंशज मानले जातात. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द त्या 'सद्'चे. लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत गेलेले 'सेशन' म्हणजे बैठक आणि 'सेडिमेंट' म्हणजे तळाशी बसलेला गाळ हेही त्याच धातूचे. घरट्याला संस्कृतात 'नीड' आणि इंग्रजीत 'नेस्ट' म्हणतात, ते दोन्ही 'खाली' या अर्थाचा 'नि' आणि हा धातू मिळून झालेले आहेत. मराठीतले 'बसणे' मात्र या घरातले नाही. ते 'उपविशति' या रूपावरून, म्हणजे 'विश्' धातूवरून, प्राकृतातून आपल्याकडे आले. अर्थ तंतोतंत जुळतो म्हणून 'बसणे' आणि 'सिट' यांचे नाते जोडण्याचा मोह मुलांना होईल, तिथे त्यांना थांबवावे.

आता एक मेख. दागिन्यांचा 'सेट', कपबशांचा 'सेट' यातले नाम 'बसवणे'मधून उलगडू पाहिले, तर ओढाताण होते, कारण ते नाम निदान अर्ध्याने तरी दुसऱ्या घराण्यातले आहे. लॅटिनमध्ये 'सेक्विइ' म्हणजे मागे जाणे, अनुसरणे. त्यापासून 'सेक्ता' म्हणजे अनुयायांचा पंथ. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये 'सेत' झाले आणि ते इंग्रजीत माणसांचा गट, मंडळी या अर्थाने आले. 'सेक्ट' म्हणजे संप्रदाय हा त्याचाच भाऊ. इंग्रजीत आल्यावर 'सेत' आणि मूळचे 'सेट' यांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले. एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तू आणि एकमेकांबरोबर जाणाऱ्या वस्तू यांत फारसे अंतर नव्हतेच. इंग्रजीतले 'सूट' (कपड्यांचा जोड) आणि 'स्वीट' (गोड नव्हे, खोल्यांचा किंवा फर्निचरचा संच) हेही त्याच 'सेक्विइ'चे वंशज असल्यामुळे आपण ज्याला सोफा सेट म्हणतो, त्याला ब्रिटिश दुकानदार थ्री-पीस स्वीट म्हणतो, यात नवल वाटायला नको.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी समानार्थी शब्दांची यादी पाठ करतो आहे. 'सेट'पुढे पुट, प्लेस, ले, फिक्स, हार्डन, रेडी, ग्रुप असे दिले आहे. हे सगळे एकमेकांच्या जागी चालतात का?
— परीक्षार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. ही यादी तयार करणाऱ्याने 'सेट'च्या वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळे शब्द शोधले आणि मग मधल्या भिंती पाडून सगळे एका ओळीत बसवले. 'हार्डन' आणि 'ग्रुप' हे दोघे 'सेट'चे समानार्थी असतीलही, पण एकमेकांचे नाहीत. जेली 'सेट' झाली याला 'हार्डन' चालेल. पुस्तकांच्या 'सेट'ला ते चालणार नाही. परीक्षेत असा प्रश्न बहुधा वाक्यासह येतो, आणि तिथे पाठ केलेली यादी उपयोगी पडत नाही.

ठेवण्याच्या अर्थाचे चार शब्द मात्र नीट ओळखून ठेवण्यासारखे आहेत. 'पुट' हे आपले साधे 'ठेवणे' किंवा 'घालणे'. कसे, कुठे, किती काळजीने, याविषयी ते काही सांगत नाही. 'प्लेस'मध्ये जागेची निवड आणि थोडी निगुती असते. 'ले'मध्ये वस्तू आडवी किंवा पसरून ठेवलेली असते, म्हणून विटा, सतरंजी, रेल्वेचे रूळ यांना 'ले'. आणि 'सेट'मध्ये वस्तू ज्यासाठी आहे त्या कामाच्या तयारीत ठेवलेली असते. कोपऱ्यात सापळा नुसता ठेवला तर 'पुट'. त्याची कमान ताणून, खोबऱ्याचा तुकडा अडकवून तो उंदराची वाट पाहत राहील असा ठेवला तर 'सेट'. काही जोड्या रूढीनेच घट्ट झालेल्या असतात, त्या बदलता येत नाहीत. पाऊल 'सेट' करतात, अंडे 'ले' करतात, आग लावण्यासाठी 'सेट फायर' म्हणतात आणि विझवण्यासाठी 'पुट आउट' म्हणतात.

समानार्थी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी संग्रह पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तो वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांच्या वर्गांनुसार लावला, आणि त्यामुळे 'सेट' त्यात एका ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी भेटतो. आपणही आपल्या वहीत तसेच करावे: एका अर्थाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीखाली एक पूर्ण वाक्य.

'सेट' परीक्षेशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे जाता जाता. सहायक प्राध्यापकपदासाठीची ती राज्य पात्रता परीक्षा आहे आणि तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. मात्र प्रश्नपत्रिका 'सेट' करणारा परीक्षक तिचे ए, बी, सी, डी असे 'सेट' करतो, तेव्हा एकाच कागदावर वर सांगितलेली दोन्ही घराणी एकत्र येतात. मराठीत पहिल्यासाठी 'काढणे' आणि दुसऱ्यासाठी 'संच' असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे गोंधळ होत नाही.

प्रश्न : आम्ही बागायतदार 'मणी सेटिंग' हा शब्द रोज वापरतो. पण इंग्रजी माहितीपत्रकात उसाच्या आणि कांद्याच्या संदर्भातही 'सेट' आले, तिथे सेटिंगचा अर्थ लागेना.
— द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा

उत्तर : तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. द्राक्षाच्या घडावरील फुलांचे परागीभवन होऊन ती गळण्याऐवजी टिकतात आणि त्यांचे बारीक मणी धरतात, त्या अवस्थेला आपण मणी सेटिंग म्हणतो. इंग्रजीत हाच शब्द सर्व फळपिकांना लागू असून कृषी विद्यापीठांच्या मराठीत त्याला 'फळधारणा' म्हणतात. बोलताना 'फळ धरणे' हे जुने शब्द आहेतच, आणि माझ्या मते ते सेटिंगपेक्षा नेमके आहेत. कारण झाडाने फूल सोडून दिले की धरून ठेवले, हाच तर या अवस्थेतला सगळा प्रश्न असतो.

उसाच्या माहितीत आलेला 'सेट' म्हणजे बेण्याची कांडी. आपली एक डोळ्याची किंवा दोन डोळ्यांची टिपरी. इंग्रजीत तो कधी एका 'ट'ने, कधी दोन 'ट'ने लिहिलेला दिसेल, अर्थ तोच. जमिनीत बसवायची वस्तू ती 'सेट', असा हा जुना वापर आहे. कांद्याचे 'सेट' म्हणजे लागवडीसाठी मुद्दाम दाट पेरून वाढू न दिलेले, गोटीएवढे छोटे कांदे. रोपांऐवजी ते लावले, की पीक लवकर हाती येते. त्या माहितीपत्रकाचा अनुवाद करणाऱ्याने कांद्याच्या परिच्छेदात 'सेटिंग' लिहिले असेल, तर तो खोडून 'लागवडीचे छोटे कांदे' असे वाचावे.

प्रश्न : मी वृत्तपत्रासाठी भाषांतराचे काम करते. 'न्यायालयाने निकाल बाजूला ठेवला' असे वाक्य छापून आले आणि त्यावर वाद झाला. 'सेट असाइड'चे मराठी दुसरे काय होणार? तसेच 'सेट ऑफ' आणि 'सेटबॅक' यांनीही मला पुष्कळदा चकवले आहे.
— भाषांतरकार, ठाणे

उत्तर : वाद झाला हे योग्यच झाले, कारण त्या वाक्याने बातमी उलटी होते. न्यायालयाच्या भाषेत 'सेट असाइड' म्हणजे रद्द ठरवणे. खालच्या न्यायालयाचा निकाल त्यानंतर अमलात राहत नाही. 'बाजूला ठेवला' म्हटल्यावर वाचकाला वाटते, की निर्णय लांबणीवर पडला, आणि त्याला तर मराठीत 'निकाल राखून ठेवला' असा रूढ प्रयोग आहे. तिसरा शब्द 'स्टे', म्हणजे स्थगिती. तिच्यात आदेश जिवंत असतो, फक्त त्याची अंमलबजावणी थांबते. रद्द केला, राखून ठेवला, स्थगिती दिली या तीन गोष्टी ज्या पक्षकारांच्या घरावर किंवा नोकरीवर येतात, त्यांच्यासाठी तीन वेगळी भवितव्ये असतात. न्यायालयाबाहेर मात्र 'सेट असाइड'चा अर्थ खरोखरच बाजूला काढून ठेवणे असा आहे, उदाहरणार्थ मुलीच्या शिक्षणासाठी काढून ठेवलेली रक्कम. आणि भाषांतरकाराला चकवतो तो हाच सोपा अर्थ.

'सेट ऑफ' प्रवासाच्या बातमीत असेल तर निघणे, फटाक्यांच्या किंवा स्फोटाच्या बातमीत असेल तर उडवणे. हिशेबात आणि करविषयक मजकुरात मात्र एका रकमेतून दुसरी वळती करून घेणे हा अर्थ असतो: शेअर विक्रीतला तोटा त्याच प्रकारच्या नफ्यातून वजा करून उरलेल्यावर कर भरता येतो, त्या वजावटीला 'सेट ऑफ' म्हणतात. फौजदारी कायद्यातही हाच अर्थ आहे. खटला चालू असताना कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेच्या मुदतीतून वजा होतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद कलम ४२८ मध्ये होती. 'आरोपीला सेट ऑफ मिळाला' याचे 'आरोपी सुटला' असे भाषांतर वाचल्याचे मला आठवते. तसे काही झालेले नव्हते. त्याचे काही महिने फक्त हिशेबात धरले होते.

'सेटबॅक' राजकीय बातमीत धक्का किंवा पीछेहाट, आणि बांधकामाच्या बातमीत इमारतीभोवती प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. नगररचनेच्या मराठीत तिला सामासिक अंतर म्हणतात. रस्तारुंदीसाठी मालकाला सोडून द्यावी लागणारी पट्टीही महापालिकेच्या बोलीत सेटबॅकच. 'बिल्डरला सेटबॅक' असा मथळा इंग्रजीत दिसला, तर बातमी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये.

राहिला 'सेट इन'. हवामानाच्या मजकुरात तो वारंवार येतो. पाऊस 'सेट इन' झाला याला 'पाऊस सुरू झाला' हे पुरेसे नाही. तो आला आणि आता हटणार नाही, असा त्यात भाव आहे. 'झड लागली' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो.

प्रश्न : मुलाच्या नववीच्या गणितात 'संच' आहेत. त्याला मी घरातला टी-सेट दाखवून समजावले, तर तो म्हणाला की हा संच होत नाही. कोण बरोबर?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मुलगा. गणिती संचात एक घटक एकदाच मोजला जातो आणि घटकांच्या क्रमाला महत्त्व नसते. आपल्या टी-सेटमधले सहा कप एकसारखे असतात म्हणूनच तो सेट म्हणवतो. गणिताच्या दृष्टीने ते सहा 'वेगवेगळे' कप आहेत असे आधी ठरवावे लागेल, उदाहरणार्थ त्यांना क्रमांक देऊन. शिवाय दुकानातल्या सेटमधला एक कप फुटला, की सेट मोडतो. गणितात एक घटक काढला, तर उरतो तोही तितकाच चांगला संच असतो, आणि सगळे काढले तर रिक्त संच उरतो. रिकाम्या टी-सेटचे पैसे मात्र कोणी देणार नाही.

ही संकल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन गणिती गेऑर्ग कँटर यांनी घडवली. त्यांनी त्यासाठी 'मेंगे' हा, ढीग किंवा समूह या अर्थाचा, साधा जर्मन शब्द घेतला. फ्रेंचांनी 'आंसांब्ल' घेतला, इंग्रजांनी 'सेट', हिंदीने 'समुच्चय' आणि मराठीने 'संच'. कोणत्याही भाषेने नवा अवघड शब्द घडवला नाही, व्यवहारातलाच उचलून त्याला कडक व्याख्या दिली. आणि म्हणूनच प्रत्येक भाषेत पालकांची अशी फसगत होते.

प्रश्न : साइटवर आम्ही 'माल सेट झाला' म्हणतो, मालक 'वाळला का' म्हणून विचारतात. दोन्ही एकच ना?
— बांधकाम पर्यवेक्षक, चिंचवड

उत्तर : एकच नाही, आणि इथे शब्दाची चूक थेट स्लॅबच्या तब्येतीवर येते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. इंग्रजीत यासाठी 'सेट', 'हार्डन' आणि 'क्युअर' असे तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे काम वेगळे आहे. कालवलेल्या सिमेंटचा लिबलिबीतपणा जाऊन त्याला आकार बदलता येईनासा होतो, ते 'सेट' होणे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटची ही सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. सुरुवात लांबवण्यासाठीच कारखान्यात सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात. त्यानंतर दिवसेंदिवस ताकद वाढत जाते, ते 'हार्डन' होणे. आणि त्या काळात पृष्ठभाग ओला ठेवणे म्हणजे 'क्युरिंग', आपले पाणी मारणे, जे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस तरी चालू ठेवावे लागते. 'वाळला का' विचारणाऱ्या मालकाला वाटत असते, की पाणी जितके लवकर जाईल तितके बरे, आणि गरज नेमकी उलटी असते.

हाडाच्या दवाखान्यातही हा दुहेरी वापर भेटतो. डॉक्टर आधी हाड 'सेट' करतात आणि मग त्यावरचे प्लास्टर 'सेट' होते. पहिले बसवतात, दुसरे घट्ट होते.

प्रश्न : 'शेट' आणि 'सेट' यांचे मूळ एकच आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. पैसा असलेला माणूस आयुष्यात 'सेट' असतो, म्हणून तो शेट, असे वक्ते म्हणाले.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : टाळ्या मिळाल्या असतील. 'शेट' हा संस्कृत 'श्रेष्ठिन्'वरून आला. व्यापारी श्रेणीचा प्रमुख तो श्रेष्ठी. इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मराठी शाळा चालवतो. मुले 'टेबल सेट करू का', 'अलार्म सेट कर', 'सूर्य सेट झाला', 'केस सेट कर' असे सर्रास बोलतात. प्रत्येक ठिकाणी मराठी शब्द सांगावा म्हटले, तर आम्हालाच पटकन सुचत नाही. आणि भारतात फोन केला, तर तिकडचे नातेवाईकही 'सेटिंग' म्हणतात!
— शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : शब्द सुचत नाही याचे कारण बहुधा असे, की आपण 'सेट'चा मराठी प्रतिशब्द शोधत आहात, तो एक नाही. ज्याला 'सेट' करायचे त्या वस्तूपासून सुरुवात केली, की क्रियापद आपोआप येते. गजर लावतात, केस बसवतात, तारीख ठरवतात, सूर्य मावळतो किंवा खेड्यातल्या बोलीत दिवस बुडतो, आणि दुधाला विरजण लावले की सकाळपर्यंत दही लागते.

टेबल 'सेट' करणे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण तिथे शब्दाबरोबर रीतही शिकवता येते. जेवायला बसण्याआधी 'पाने घेणे' किंवा 'ताटे घेणे' हा त्याला आपला शब्द. पाटांवर बसण्याच्या काळात 'पाटपाणी घेणे'ही म्हणत. 'वाढणे' ही त्यानंतरची पायरी. ताटे मांडायची, पाण्याची भांडी भरून ठेवायची, मग डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी आणि वाटीत आमटी, आणि मधे भात. मुलांना रविवारी एकदा हे काम द्यावे आणि 'पाने घ्या' एवढेच सांगावे. आधी एकमेकांकडे बघतील, पण डाव्या-उजव्या बाजूचा वाद सुरू झाला, की शब्द तोंडात बसेल.

'सेटिंग'बद्दल फार कडक होण्याची गरज नाही. फोनची सेटिंग्ज हा आता मराठी शब्दच समजावा. चित्रपटाचा सेट, टेनिसचा सेट यांनाही पर्याय शोधत बसू नये, जरी नाटकाच्या बाबतीत 'नेपथ्य' हा चांगला शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. फक्त एवढी सूचना मुलांना जरूर द्यावी, की भारतातला मामा 'तिथे माझी सेटिंग आहे' असे म्हणाला, तर तो कोणत्याही यंत्राबद्दल बोलत नसून आतून लावलेल्या वशिल्याबद्दल बोलत आहे, आणि हा अर्थ ऑक्सफर्डच्या ४३० अर्थांत त्यांना सापडणार नाही. इंग्रजीत त्याच्या जवळ जाणारा 'सेट-अप' हा शब्द आहे, पण त्यात फसवला जाणारा माणूस गृहीत असतो. आपल्या सेटिंगमध्ये सगळे खूश असतात, रांगेत उभे असलेले सोडून.